बोलेरो, वॅगनआर, डिझायर अन् हायब्रिड: रस्ता बदलला की ॲव्हरेजचा नंबर उलटतो, काऊन?

काळीमाती_दिग्रस

राम राम मंडळी.

दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या धंद्यात गाडी म्हणजे तराजूइतकीच गरजेची वस्तू, अन् डिझेल-पेट्रोलचा खर्च दुकानाच्या नफ्यातूनच जातो. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून घरच्या अन् नात्यातल्या गाड्यांचं ॲव्हरेज नेमानं मोजतो आहे. उधारीच्या वहीची मागची पानं त्यासाठीच ठेवली. आता आकडे समोर आहेत, पण त्यांचा मेळ लागत नाही.

मोजण्याची पद्धत आधी सांगतो, म्हणजे तिथंच शंका नको. टाकी टू टाकी. एकच पंप, एकच नोझल. पंपावरच्या पोराला सांगून ठेवलं आहे की पहिला 'टक' झाला की नोझल काढायचं, राऊंड फिगरसाठी वरून भरायचं नाही. गाडी दरवेळी त्याच जागी अन् त्याच तोंडानं उभी करायची, कारण जागा उताराची असली तर टाकीत पेट्रोल कमी-जास्त मावतं अन् हिशेब बिघडतो. स्क्रीनवर दिसतं ते ॲव्हरेज मी धरत नाही. ते टाकीच्या हिशेबापेक्षा नेहमी वरच दिसलं आहे.

गाड्या अशा. बाबांची बोलेरो, जुन्या अडीच लिटर डिझेल इंजिनाची. माझी वॅगनआर, एक लिटर पेट्रोल, २०२२ ची, कंपनीचा आकडा २४.३५. यवतमाळला राहणाऱ्या चुलतभावाची डिझायर डिझेल, २०१६ ची, आकडा २६.५९. अन् कारंज्याच्या भाऊजींची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर अन् बॅटरी असलेली, आकडा २७.९७.

गावरस्ता म्हणजे आमच्याकडचं दिग्रस, आर्णी, आजूबाजूची खेडी. वेग चाळीस ते साठ, एसी बंद, सकाळची वेळ. इथं बोलेरो साडेचौदा देते, वॅगनआर २३.८, डिझायर २४, हायरायडर २३. वॅगनआरनं कंपनीचा आकडा जवळजवळ गाठला. म्हणून 'कंपनीचे आकडे खोटेच असतात' असं उत्तर कोणी देऊ नये, ते मला पटणार नाही.

यवतमाळ शहरात मे महिन्यात, दुपारी, एसी लावून बोलेरो ११, वॅगनआर १४, डिझायर साडेपंधरा. अन् हायरायडर २२! वॅगनआरच्या जवळपास दीडपट वजनाची गाडी गर्दीत तिच्यापेक्षा लिटरमागे आठ किलोमीटर जास्त चालते. मला वाटलं भरण्यात काही चुकलं असेल, म्हणून भाऊजींना पुन्हा मोजायला लावलं. तोच आकडा आला.

मग समृद्धी. पोरगी संभाजीनगरला शिकते, त्यामुळे कारंज्याहून चढून तिकडं जाणं होतं. १२० ची मर्यादा आहे, आम्ही ११० च्या आसपास ठेवतो. वॅगनआर १५.८ वर आली. हायरायडर साडेसतरा. डिझायर, दहा वर्षांची जुनी गाडी, २०. बोलेरो पंचाण्णवच्या वर मी नेतच नाही, तरी ती साडेदहा.

म्हणजे गावात तिघी सारख्या, शहरात हायब्रिड एकटी पुढं, अन् सपाट, सिग्नल नसलेल्या, खड्डा नसलेल्या रस्त्यावर सगळ्यांचंच ॲव्हरेज पडतं. चांगल्या रस्त्यावर गाडीनं जास्त द्यायला पाहिजे होतं ना? आमच्या आर्णीच्या रस्त्यावर वॅगनआर २४ देते अन् समृद्धीवर १६, हे मी दुकानात कोणाला सांगितलं की कोणी मानत नाही.

बाबांचं वय झालं, ते आता बोलेरो चालवत नाहीत. ती काढून हायब्रिड घ्यावी असं घरात चाललं आहे. लाखांचा प्रश्न आहे, म्हणून जाणत्यांनी नीट समजावून सांगावं. शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण सांगताना मी डब्यावरचं वाचून सांगतो, अंदाजे सांगत नाही. तसंच उत्तर हवं आहे.


पॉलिटेक्निकवाला_अमरावती

दादा, इतकी नीट नोंद फार कमी लोक ठेवतात. तुमचे आकडे बरोबर आहेत अन् त्यांचा मेळही लागतो.

कंपनीचा आकडा कसा निघतो ते आधी पाहा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. साडेदहा-अकरा किलोमीटरची ठरलेली चाल असते, वीस मिनिटांच्या आत संपते. सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, अन् शेवटच्या टप्प्यात थोड्या वेळासाठी ९० पर्यंत जातात, त्याच्या वर नाही. तापमान प्रयोगशाळेचं, एसी बंद. आता तुमचा गावरस्ता आठवा. सकाळ, एसी बंद, चाळीस-साठचा वेग, थांबणं कमी. चाचणीच्या सर्वात जवळचा रस्ता तोच आहे. तिथं वॅगनआरनं आकडा गाठला यात नवल नाही.

समृद्धीवर रस्ता चांगला आहे, पण वेग वेगळा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० वरून ११० वर गेलात की वेग दुप्पटही होत नाही, विरोध मात्र सव्वातीन पटीहून जास्त होतो. साठच्या आत गाडीचं बरंचसं बळ टायर अन् रस्त्याच्या घर्षणात जातं, शंभरच्या पुढं बहुतेक हवा ढकलण्यात जातं. तुमची वॅगनआर १६७५ मिलिमीटर उंच, बोलेरो १८८० अन् समोरून सरळ भिंत. डिझायर बुटकी अन् मागं निमुळती, तिला हवा कमी अडवते. त्यात लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते, अन् डिझेल इंजिन ती वापरतंही जास्त चांगली. म्हणून जुनी असून ती पुढं.

हायब्रिडचं कोडं असं. त्या गाडीची बॅटरी अगदी लहान असते, एक युनिटसुद्धा पूर्ण मावत नाही. ती बाहेरून चार्ज होत नाही, सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच. मग फायदा कुठून? ब्रेक मारल्यावर एरवी जी ताकद पट्ट्यांत उष्णता होऊन जाते, ती मोटर परत बॅटरीत घेते. अन् गर्दीत उभं असताना इंजिन बंद राहतं, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. वॅगनआर यवतमाळच्या दत्त चौकात एसी लावून उभी असते तेव्हा तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जाळते अन् किलोमीटर शून्य. हायब्रिडचं ते बरंचसं वाचतं. समृद्धीवर ब्रेकही नाही, थांबणंही नाही. वाचवायला काहीच उरत नाही. उरतं एक चांगलं पेट्रोल इंजिन अन् उंच, जड गाडी.

संभाजीनगरकडं जाताना कारंज्यापेक्षा थोडं चढावर जाता, पण तो फरक पूर्ण प्रवासात पाव लिटरच्या आसपास. त्यापेक्षा उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा जास्त खातो. जातानाचं अन् येतानाचं वेगळं मोजलंत तर दिसेल.


शिवार४४

सगळं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे आहे. आधी असं नव्हतं.


पॉलिटेक्निकवाला_अमरावती

शिवार भाऊ, त्याचा वाटा आहे, पण तो किती ते मोजता येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण आधीही आपण शुद्ध पेट्रोल भरत नव्हतो, दहा टक्के मिसळ होतीच, त्यामुळे तिथपासूनची घट त्याच्या निम्मी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के अन् दहा टक्के मिसळीसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के घट धरली होती. वॅगनआर २४ ची १४ झाली ती चाळीस टक्क्यांची घट आहे. ती इथेनॉलनं होत नाही. शिवाय दादांनी सगळे आकडे एकाच काळात, एकाच पंपाच्या पेट्रोलवर घेतले आहेत, म्हणून आपसातली तुलना शाबूत राहते.


स्पॅनर_पुसद

दादा, सरांनी पुस्तकाची बाजू बरोबर सांगितली. मी गॅरेजची सांगतो.

तुमची बोलेरो गावरस्त्यावर साडेचौदा देते हे मले कमी वाटते. त्या इंजिनाची नीट ठेवलेली गाडी चाळीस-पन्नासच्या चालीत याच्याहून जास्त देते. पह्यले तिचा थर्मोस्टॅट पाहा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. गिऱ्हाईक खुश, काऊन की काटा खाली येते. पण मग इंजिन वर्षभर थंडच चालते. हिवाळ्यात सकाळी तर गाव येऊन जाते तरी ते गरम होत नाही. थंड इंजिन डिझेल जास्त पिते अन् सिलिंडरही लवकर घासते.

तपासायले सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा अन् रेडिएटरच्या वरच्या मोठ्या नळीवर हात ठेवा, पंख्यापासून जपून. थर्मोस्टॅट चांगला असला तर नळी बराच वेळ थंड राहते अन् मग एकदम गरम होते. पह्यल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली तर समजा आत थर्मोस्टॅट नाही, नाहीतर उघडाच अडकला आहे.

दुसरं ब्रेक. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीनं गेलेल्या गाडीचा चिखल ड्रममध्ये अन् कॅलिपरच्या पिनांवर सुकून बसते. पाय सोडला तरी ब्रेक थोडा धरून राहते. ड्रायव्हरले कळत नाही, मायलेजले कळते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, होईल तेवढा ब्रेक न मारता थांबा अन् चारही रिमजवळ हात न्या. हात लावू नका, भाजते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तेच चोर.

हवा दर पंधरवड्याले, टायर थंड असताना. दुकानाचा माल भरला तर दारावरच्या पट्टीवर लोडची हवा वेगळी लिहिलेली असते, ती पाहा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत एअर फिल्टर धुळीनं चोंदला म्हणून मायलेज फार पडत नाही. पिकअप पडते. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडते. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली गोष्ट वेगळी होती. फिल्टर बदलाच, पण त्यानं ॲव्हरेज दोन-तीननं वाढेल अशी आशा धरू नका.


वर्धेचा_गॅसवाला

मी सीएनजी वॅगनआर चालवतो. लोक पट्टीवरचा ३४ चा आकडा पाहून म्हणतात, अबब, पेट्रोलपेक्षा दहा जास्त! पण तो ३४ किलोला आहे, लिटरला नाही. एक किलो सीएनजीत साधारण १.४ ते १.५ लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. भागून पाहा, २३-२४ येतं. म्हणजे पेट्रोल वॅगनआरएवढंच. इंजिन तेच, गाडी तीच, चमत्कार काही नाही.

फायदा फक्त भावाचा, अन् आपल्या भागात तोही कायमचा धरू नये. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोपर्यंत गेला होता, तेव्हा माझ्यासारख्यांनी पेट्रोलवरच गाडी चालवली. शिवाय दिग्रसकडून गॅस भरायला लांब जावं लागत असेल तर ते जाणं-येणंही हिशेबात धरा. अन् उन्हाळ्यात दुपारी भरू नका. टाकी दाबावर भरते, तापलेल्या टाकीत तेवढ्याच दाबाला गॅस कमी बसतो. पहाटे भरला की तीच टाकी जास्त चालते.


बाई_मंगरूळपीर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्याकडे टियागो ईव्ही आहे, २४ युनिटच्या बॅटरीची. घेतली तेव्हा कागदावर ३१५ किलोमीटर होतं.

दादा, तुम्ही जे पाहिलं तेच माझ्या गाडीत आणखी ठळक दिसतं. शाळेचा रस्ता खराब, वेग चाळीस-पन्नास. त्या रस्त्यावर पूर्ण चार्जमध्ये सव्वादोनशेच्या आसपास जाते. समृद्धीवर शंभरनं चालवली तर दीडशेला घाम फुटतो. मिस्टर म्हणतात खराब रस्त्यावर गाडी जास्त चालते हे उलटंच झालं. उलटं नाही, हळू चालवावी लागते म्हणून जास्त चालते.

एसीबद्दल मला जे कळलं ते तुमच्या यवतमाळच्या आकड्यालाही लागू पडेल. एसी तासावर खातो, किलोमीटरवर नाही. आपल्या मे महिन्यात माझा एसी तासाला एक-दीड युनिट घेतो, गाडी वीसनं चालो की ऐंशीनं. ऐंशीनं चालली तर ते दीड युनिट ऐंशी किलोमीटरवर वाटलं जातं. बाजारातून वीसनं चालली तर वीसच किलोमीटरवर. म्हणून उन्हाळ्यात गावातलं ॲव्हरेज पडतं अन् मोठ्या रस्त्यावर एसीचा फरक जाणवत नाही.

अन् ईव्ही घेणाऱ्यांनी स्क्रीनवरच्या टक्क्यांवर हिशेब करू नये. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते. मी वेगळा सबमीटर बसवला आहे. त्यावर मला युनिटला आठ-साडेआठ किलोमीटर पडतात, स्क्रीन साडेनऊ दाखवते. बिल सबमीटरचं येतं. रात्री लाईट गेली की सकाळी गाडी अर्धीच भरलेली असते, हेही धरून चालते मी. शाळेपुरतं तेवढं पुरतं.


काळीमाती_दिग्रस

सर, बाई, स्पॅनर भाऊ, गॅसवाले भाऊ, मनापासून आभार. चार दिवस हेच वाचतो आहे.

बाईंचं एसीचं सांगणं वाचून वॅगनआरचं कोडं सुटलं. एवढं लहान इंजिन, त्यावर कॉम्प्रेसरचा भार, अन् यवतमाळच्या बाजारात ताशी पंधरा-वीसची चाल. १४ देते तेच पुष्कळ म्हणायचं.

मग मी वहीत हिशेबाची दिशाच बदलली. लिटरला किती किलोमीटर हे सोडलं अन् हजार किलोमीटरला किती लिटर असं मांडलं. सगळ्यांनी एकदा असं करून पाहावं, चित्र बदलतं. बोलेरो यवतमाळात हजार किलोमीटरला ९१ लिटर पिते. तीच फेरी वॅगनआरनं केली तर ७१. म्हणजे ११ वरून १४ वर, नुसत्या तीनच्या फरकात, २० लिटर वाचले. उलट गावरस्त्यावर वॅगनआर २३.८ अन् हायरायडर २३. हजार किलोमीटरला दीड लिटरचा फरक, तोही हायब्रिडच्या विरुद्ध. वरच्या आकड्यांत कितीही ओढाताण करा, लिटर फार वाचत नाहीत. वाचतात ते खालच्या आकड्यांत. २० चे २५ झाले तर हजार किलोमीटरला १० लिटर, अन् १० चे १२ झाले तर १६-१७ लिटर. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, अन् आपण गाडी घेताना नेमकं २४ की २६ यावरच भांडतो.

माझे बहुतेक किलोमीटर गावरस्त्याचे आहेत. हायब्रिडला जिथं फायदा आहे तिथं मी फार जात नाही. खताची पोती अन् फवारणीचे ड्रम हायरायडरमध्ये घालता येत नाहीत, अन् मृगात पांदणीनं जायला बोलेरोशिवाय दुसरी गाडी नाही. तेव्हा लाखो रुपये घालून हायब्रिड घ्यायचं रद्द. बोलेरो माल अन् पांदणीपुरती ठेवतो, रिकामी यवतमाळला न्यायची नाही. बँकेचं, कंपनीच्या मीटिंगचं काम वॅगनआरनं. समृद्धीवर काटा ९० वर धरून पाहिला. वॅगनआर साडेएकोणीस देते. पोरीकडं पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तो मला चालतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. भाऊजी कारंज्यात राहतात, त्यांचं निम्मं आयुष्य समृद्धीवर, अन् त्यांच्याकडे हायब्रिड. चुलतभाऊ यवतमाळच्या गर्दीत पोरांना शाळा-ट्यूशनला सोडतो, त्याच्याकडे डिझेल डिझायर. दोघांनी गाड्या बदलल्या तर दोघांचंही भलं होईल. पण दहा वर्षांची गाडी अन् नवी गाडी यांची अदलाबदल कोणी करत नाही, अन् नात्यात तर मुळीच नाही. निदान पुढची गाडी घेताना दोघांनी ही वही पाहावी एवढं त्यांना सांगितलं आहे. घेण्याआधी शोरूमवाल्याला 'किती देते' हे सगळेच विचारतात. 'माझ्या रस्त्यावर किती देईल' हे स्वतःच्या वहीतच सापडतं.

स्पॅनर भाऊ, तुमचं ऐकून काल सकाळी बोलेरोच्या नळीवर हात ठेवला. सुरू केल्यापासूनच कोमट व्हायला लागली. बाबांना विचारलं तर म्हणाले, काही वर्षांमागं एका लग्नाला जाताना गाडी तापली होती, तेव्हा रस्त्यातल्या मिस्त्रीनं 'काहीतरी काढलं' होतं. डावं मागचं चाकही बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. नवीन थर्मोस्टॅट आणून आमच्या इथल्या मिस्त्रीकडून बसवून घेऊ का, की गाडी पुसदला तुमच्याकडं आणू?


स्पॅनर_पुसद

दादा, तिथंच बसवा, मोठं काम नाही. फक्त मिस्त्रीले एक सांगा. त्या वेळी गाडी तापली म्हणून थर्मोस्टॅट काढला, पण ती कशानं तापली ते कोणी पाह्यलं नाही. ते कारण अजून गाडीतच असन. नुसता थर्मोस्टॅट बसवला अन् ते राहून गेलं तर मे महिन्यात पुन्हा तापन अन् पुन्हा काढतीन.

म्हणून आधी रेडिएटर बाहेर काढून साफ करून घ्या. आतून क्षार, बाहेरून जाळीत कापसाची बोंडं-पाला अन् माती. रेडिएटरचं झाकण दाब धरते की नाही तेही पाहा, स्वस्त वस्तू आहे, बदलूनच टाका. पंख्याचा क्लच पाहा. गाडी बंद असताना पंखा हातानं अगदी मोकळा गरगर फिरला तर तो क्लच गेला. मग थर्मोस्टॅट, नव्या गॅस्केटसकट, अन् छोटी हवेची पिन वरच्या बाजूले ठेवून. पाण्यात कूलंट मिसळा, नुसतं बोअरचं पाणी टाकू नका, आपल्याकडच्या पाण्यानं दोन वर्षांत रेडिएटर दगड होते. भरताना हीटर चालू ठेवा म्हणजे आतली हवा निघून जाते.

मागच्या चाकाचा ड्रम उघडून लायनर अन् व्हील सिलिंडर पाहाले सांगा. हँडब्रेकची केबल सुकून अडकली असण्याचीही शक्यता आहे.

हे सगळं झालं की पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोझलवर मोजा अन् इथं आकडा टाका. साडेसोळाच्या खाली आली तर मग गाडी घेऊन पुसदले या.